ड्रॅगन आधी दाखवा, मग सांगा

ड्रॅगनचं चित्र समोर आलं की चार-पाच वर्षांचं मूल आधी दात बघतं, मग नखं, मग शेपटी कुठे संपते ते. राजा कोण, राजकन्या कुणाची, हे त्याला नंतर हवं असतं. आपण मोठी माणसं मात्र पान उघडलं की थेट अक्षरांवर उडी मारतो आणि मुलाची नजर शेपटीच्या टोकाला पोहोचायच्या आत पान उलटून मोकळे होतो. घरात मुलाला मांडीवर घेऊन ड्रॅगनच्या चित्रगोष्टी सांगू पाहणारे आईबाबा आणि आजीआजोबा, किंवा सोसायटीत, वाचनालयात दहा-बारा मुलं जमवणारे हौशी गोष्टसांगे, यांच्यासाठी हे लिहितेय. चित्र काढता आलंच पाहिजे, आवाज नाटकी पाहिजे, असं काही नाही. थांबता आलं पाहिजे, आणि तेच जड जातं.

आधी ड्रॅगन कुठला ते ठरवा

ढोबळमानाने ड्रॅगनच्या दोन जाती. युरोपातला ड्रॅगन पंखांचा, तोंडातून जाळ काढणारा, गुहेत राहणारा. तो गावची गुरंमेंढरं खातो, सोन्यावर बसून राहतो आणि शेवटी बहुतेक वेळा मारला जातो. चीनमधला ड्रॅगन लांबलचक, सापासारखा वळणावळणाचा, डोक्याला हरणासारखी शिंगं, ओठांवर मिश्या. त्याला सहसा पंख नसतात, तरी तो ढगांतून फिरतो. तो पाऊस आणतो, नद्या सांभाळतो. लोक त्याला घाबरण्यापेक्षा मान देतात, त्याच्याकडे पाऊस मागतात.

तीन-चार वर्षांच्या मुलाला पहिला ड्रॅगन पूर्वेकडचा दाखवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात कुणाला मारायचं नसतं, भाले-तलवारी नसतात, आणि पाऊस आणणारा प्राणी आपल्याकडच्या मुलाला लगेच आवडतो. पाच-सहा वर्षांनंतर युरोपातले आगवाले ड्रॅगन खुशाल काढा. त्या वयात मुलांना दुष्ट कोणीतरी हवाच असतो आणि त्याची फजितीही हवी असते.

घरात लहान मोठी दोन्ही मुलं असतील तर भूतानच्या झेंड्यापासून सुरुवात करा. पिवळा आणि केशरी असे दोन तिरपे भाग, त्यावर पांढरा ड्रॅगन, पंजांत रत्नं धरलेली. आपल्या शेजारच्या देशाच्या झेंड्यावर ड्रॅगन आहे हे कळलं की मुलं नकाशा मागतात.

आणखी एक गोष्ट होणारच. चित्र दाखवताच कोणीतरी ओरडतं, ‘हा तर कालिया!’ नाही म्हणू नका. यमुनेच्या डोहातला कालिया ज्याने ऐकलाय त्याच्यासाठी ही ओळख अगदी रास्त आहे. उलट विचारा, कालियाला किती फणे होते? याला डोकी किती? मोठ्या मुलांना ऋग्वेदातला वृत्र सांगता येतो. पहिल्या मंडलातल्या ३२व्या सूक्तात तो पाणी अडवून बसलेला आहे आणि इंद्र त्याला मारून नद्या मोकळ्या करतो. एक सोनं अडवतो, एक पाणी अडवतो, एक पाणी देतो. नऊ-दहा वर्षांची मुलं यावर इतका वेळ वाद घालतात की गोष्ट बाजूलाच राहते. राहू द्या.

पहिली गोष्ट: डोळे नसलेले ड्रॅगन

नवख्या माणसाने कुठल्या गोष्टीपासून सुरुवात करावी असं विचारलंत तर माझं उत्तर ठरलेलं आहे. ही गोष्ट मुळात चित्राचीच आहे. सहाव्या शतकात चीनमध्ये झांग सेंगयाओ नावाचा चित्रकार होऊन गेला. लिआंग घराण्याचा सम्राट वू याने त्याच्याकडून बौद्ध मंदिरांत पुष्कळ चित्रं काढून घेतली. आजचं नानजिंग शहर आहे तिथल्या एका मंदिराच्या भिंतीवर त्याने चार पांढरे ड्रॅगन रंगवले, पण डोळ्यांत बुबुळं काढली नाहीत. लोकांनी कारण विचारलं, तर म्हणाला, डोळे काढले तर उडून जातील. लोकांना ती थाप वाटली. फारच मागे लागले तेव्हा त्याने दोघांचे डोळे काढले. त्याबरोबर वीज कडाडली, भिंत फुटली आणि ते दोन ड्रॅगन ढगांवर स्वार होऊन निघून गेले. डोळे नसलेले दोघे भिंतीवर तसेच राहिले.

एवढीच गोष्ट. खलनायक नाही, रक्त नाही, आणि ऐन मोक्याच्या जागी मुलाच्या हाताला काम आहे. ती तयार करायची ती अशी.

चार मोठी कार्डशीट घ्या, ए-थ्री मापाची. गडद निळी किंवा विटकरी चांगली. पहिल्यावर रिकामी भिंत आणि हातात कुंचला घेतलेला माणूस. दुसऱ्यावर भिंतीवर चार पांढरे ड्रॅगन. तिसऱ्यावर चित्रकाराभोवती बोटं दाखवणारी, हसणारी माणसं. चौथ्यावर फुटलेली भिंत, वीज, वर ढगात दोन ड्रॅगन आणि खाली राहिलेले दोन.

ड्रॅगन रंगवत बसू नका. पांढऱ्या कागदातून कापून चिकटवा. वळणावळणाची जाड पट्टी, एका टोकाला डोकं, दुसरीकडे निमुळती शेपटी, खाली चार पाय. चित्रकला येत नाही म्हणणाऱ्यांनाही हे जमतं. ऑइल पेस्टलने रंगवलंत तर पुढच्या युक्तीत घोटाळा होतो, कारण मेणचट रंगावर काही चिकटत नाही.

युक्ती म्हणजे डोळे. ते टिकल्यांचे करायचे. कपाळाला लावायच्या साध्या काळ्या गोल टिकल्यांचं पाकीट आणा. दुसऱ्या चित्रापाशी चौघांनाही डोळ्यांच्या जागी नुसती पांढरी खोबण ठेवलेली असते. तिसरं चित्र दाखवून झालं, लोक चित्रकाराच्या मागे लागले, की दुसरं चित्र पुन्हा पुढे घ्या आणि एका मुलाच्या बोटावर टिकली द्या. ‘तू चित्रकार. लाव डोळा.’

इथे खोलीत काय होतं ते बघण्यासारखं असतं. टिकली बोटाच्या टोकावर, हात पुढे जातो आणि कागदापासून वीतभर अंतरावर थबकतो. मघाशी ‘उडून जातील’ असं त्या चित्रकाराने म्हटलेलं असतं ना! मागून कोणी ‘लाव, लाव’ म्हणतं, कोणी ‘नको’ म्हणतं. आपण चूप राहायचं. टिकली लागली की मग दुसऱ्या मुलाला दुसरा डोळा, असं करत दोन ड्रॅगनचे डोळे होईपर्यंत जा आणि मग एकदम चौथं चित्र. सगळ्यांनी मांडीवर हात आपटून गडगडाट करायचा.

टिकल्या निघतात, म्हणून तेच चित्र पुन्हा वापरता येतं. मुलं त्या उरलेल्या दोघांना डोळे लावायची परवानगी मागतात. ती द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी देत नाही. ‘ते भिंतीवर राहिले’ हे पुढच्या वेळेपर्यंत मनात राहू द्यावं.

जाता जाता सांगण्यासारखं: चिनी वस्त्यांमध्ये ड्रॅगननृत्यासाठी नवा ड्रॅगन तयार केला की नाचवण्याआधी कुंचल्याने त्याच्या डोळ्यांत बुबुळं भरण्याचा विधी असतो. मुलं हे ऐकून खूष होतात, कारण तेच त्यांनी आत्ता केलेलं असतं.

मजकूर कुठे लिहायचा

सुटी चित्रं हातात धरून सांगताना पुढचं वाक्य आठवत नाही, ही नवख्यांची खरी भीती. त्यावर जपानी कामिशिबाईवाल्यांनी छान तोड काढली होती. १९३०च्या दशकात हे लोक सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली फिरायचे, मुलांना गोळ्या विकायचे आणि चौकटीत एकामागून एक चित्रं सरकवत गोष्ट सांगायचे. मजकूर चित्रांच्या पाठीवर, पण एका घराने मागे-पुढे.

तुम्हीही तसंच करा. चित्रांचा गठ्ठा मुलांकडे तोंड करून धरला की तुम्हाला शेवटच्या कार्डाची पाठ दिसते. म्हणून पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या कार्डाच्या पाठीवर लिहायचा. पहिलं चित्र काढून गठ्ठ्याच्या मागे सरकवलं की त्याची पाठ तुमच्यासमोर येते, म्हणून तिथे दुसऱ्या चित्राचा मजकूर. दुसऱ्याच्या पाठीवर तिसऱ्याचा. पूर्ण वाक्यं लिहू नका, खुणेचे चार-पाच शब्द पुरेत. वाक्यं लिहिली की डोळे कागदाला चिकटतात आणि मुलांकडे बघणं संपतं.

आणि जपानपर्यंत कशाला जायचं? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतात. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. कोकणात जाणं झालं तर मुलांना तिथे जरूर न्या. चित्र धरलेला हात कधी स्थिर असतो आणि कधी हलतो, एवढं जरी नीट पाहिलंत तरी पुष्कळ शिकून याल.

बसायचं कसं, धरायचं कसं

घरी एकच मूल असेल तर प्रश्न नाही. पुस्तक त्याच्या मांडीवर, तुमच्या नाही. पान त्याने उलटायचं.

पाचाहून जास्त मुलं असतील तर सतरंजीवर अर्धगोलात बसवा आणि तुम्ही बुटक्या स्टुलावर बसा. खुर्चीवर बसलात तर पुढच्या मुलांच्या माना दुखतात. पुस्तक छातीसमोर धरू नका. खांद्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, खालून मध्यभागी बोटांनी तोलून धरा. मग डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. पुस्तक फिरत असताना बोलू नका, नाहीतर ज्यांना अजून चित्र दिसलं नाही ती मुलं ‘मला दिसत नाही’ म्हणून उठतात आणि पुढचा सगळा वेळ बसवण्यात जातो.

गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइटची तिरीप पडते आणि नेमकं ड्रॅगनचं तोंडच पांढरं दिसतं. मुलं यायच्या आधी त्यांच्या जागी बसून एकदा बघून घ्या. खिडकी तुमच्या पाठीशी नको. छोट्या मापाचं पुस्तक दहा मुलांत चालत नाही. ते एका मुलासाठी ठेवा.

सांगताना

मुखपृष्ठावर थांबा. ‘हा काय करतोय?’ असा मोकळा प्रश्न विचारा. ‘हा कोण आहे?’ याला एकच उत्तर असतं, ते मिळालं की बोलणं संपतं. ‘काय करतोय’ याची दहा उत्तरं येतात. मुलाने एक शब्द दिला तर त्याला थोडा वाढवून परत द्या. ते ‘आग’ म्हणालं, तर ‘हो, नाकातून आग निघतेय. धूर कुठे चाललाय?’ असं. एका पानावर दोन प्रश्न पुरेत. प्रत्येक पानावर पाच प्रश्न विचारले की ती गोष्ट राहत नाही, तोंडी परीक्षा होते.

इंग्रजी पुस्तक मराठीत सांगायचं असेल तर आदल्या दिवशी दोनदा वाचून घ्या आणि मग मजकूर विसरून चित्रांच्या आधाराने तुमच्या नेहमीच्या बोलण्यात सांगा. ओळ वाचायची, मनात मराठी करायची, मग बोलायचं, यात लय पार मोडते.

आवाज काढायला लाजू नका, आणि शक्य तेवढे मुलांवर सोपवा. पोलंडमधल्या क्राकुफ शहराची गोष्ट यासाठी फार सोयीची आहे. वावेल टेकडीखालच्या गुहेत ड्रॅगन राहतो, गावची जनावरं खातो. राजाचे शूर सरदार हरतात. मग चपला शिवणारा एक पोरगा पुढे येतो. मेंढीच्या कातड्यात गंधक भरून, टाके घालून, ती मेंढी गुहेसमोर ठेवतो. ड्रॅगन गट्ट करतो, पोटात आग पडते, आणि तो व्हिस्चुला नदीवर जाऊन पाणी पितो, पितो, पितो, आणि फुटतो. जुन्या बखरीत ही करामत राजाच्या मुलांच्या नावावर आहे. चपलावाला पोरगा नंतर आला, पण मुलांना तोच आवडतो.

यात आवाज वाटून द्या. एका बाजूची मुलं ड्रॅगनचा ‘भस्स्’, दुसऱ्या बाजूची सुईदोऱ्याचं ‘सर्र, सर्र’, आणि नदीपाशी सगळ्यांनी ‘घट घट घट घट’. मेंढी शिवण्याच्या आधी विचारा, ‘तुम्ही आत काय भरलं असतं?’ लाल तिखट, ठेचा, फटाके, काहीही येतं. प्रत्येकाचं घ्या. पाणी पिण्याच्या पानावर सावकाश जा आणि पोट जरा जरा मोठं होताना हाताने दाखवा. फुटायच्या आधी पान अर्धं उचलून धरा. तेवढा क्षण हवा.

गोष्ट झाल्यावर त्या शहराचे फोटो दाखवा. टेकडीच्या पायथ्याशी ड्रॅगनचा धातूचा पुतळा आहे आणि तो थोड्या थोड्या वेळाने तोंडातून खरोखरची आग काढतो. गुहा आजही आहे.

मूल घाबरलं तर

गोष्ट चालू असताना एखादं मूल पान झाकतं, तुमच्या दंडाला चिकटतं किंवा एकदम दुसरंच काहीतरी बोलू लागतं. ही घाबरल्याची लक्षणं. ‘त्यात काय घाबरायचं, चित्रच तर आहे’ असं म्हणू नका. त्याला चित्र आहे हे माहीत असतं, भीती तरीही वाटते. पान उलटायचं काम त्याला द्या. पुढे जायचं, मागे जायचं की पुस्तक मिटायचं हे त्याच्या हातात आलं की बहुतेक वेळा तेच मूल मागचं पान पुन्हा उघडतं. ‘हा ड्रॅगन झोपतो कुठे? त्याची आई कुठे असेल? दात कोण घासून देतं?’ असल्या प्रश्नांनी तो प्राणी माणसात येतो. दुसऱ्या दिवशी कागदावर अंगठ्याएवढा ड्रॅगन काढायला लावा.

झोपायच्या अगदी आधी आग आणि लढाईवाली गोष्ट नको. संध्याकाळी सांगा.

आणि एक सक्त मनाई. ‘जेवला नाहीस तर ड्रॅगन येईल’ हे घरातल्या कोणीही म्हणायचं नाही, कामाच्या मावशींनीही नाही, आजोबांनीही नाही. ड्रॅगनचा बागुलबुवा झाला की पुस्तक कपाटात गेलंच समजा.

मोठ्या मुलांना एकच चित्र

आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना ‘हे बाळांचं आहे’ असं वाटायला लागतं. त्यांच्यासाठी पुस्तक नको, एक चित्र पुरतं. इटालियन चित्रकार पाओलो उच्चेलो याचं संत जॉर्ज आणि ड्रॅगनचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, साधारण १४७०चं. ते मोठ्या पडद्यावर किंवा छापून समोर ठेवा आणि गोष्ट मुळीच सांगू नका. ‘यात काय चाललंय?’ एवढंच विचारा.

घोड्यावरचा वीर भाला खुपसतोय, रक्त ओघळतंय, मागे आकाशात वादळाचा भोवरा फिरतोय. हे सगळे लगेच सांगतात. ड्रॅगनच्या पंखांवरची रंगीत वर्तुळंही दिसतात. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की राजकन्येच्या हातात दोरी आहे आणि ती ड्रॅगनच्या गळ्यापर्यंत गेली आहे. ती त्याला कुत्र्यासारखं फिरवतेय! मग वाचवतंय कोण कोणाला? इथून गोष्ट मुलंच लिहितात. मूळ दंतकथा नंतर सांगा: जॉर्जने जखमी केल्यावर राजकन्या आपल्या कमरपट्ट्याने त्या ड्रॅगनला बांधून गावात नेते. चित्रकाराने दोन वेळचे प्रसंग एकाच चित्रात घातलेत, हे त्यांना तुमच्या मदतीशिवाय सापडलं तर फारच उत्तम.

चित्रात रक्त आहे, हे लहान भावंडं शेजारी असतील तर लक्षात ठेवा.

चित्रं कुठून आणायची

मराठी चित्रपुस्तकं मोफत वाचायला प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर हे संकेतस्थळ आहे. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली असल्याने उतरवून, छापून वापरता येतात. ड्रॅगनच्या गोष्टी कमी सापडल्या तरी ‘राक्षस’, ‘साप’, ‘पाऊस’ असं शोधून बघा. जुन्या इंग्रजी गोष्टींसाठी प्रोजेक्ट गटेनबर्ग. एडिथ नेसबिट यांच्या ड्रॅगनकथा तिथे चित्रांसह आहेत आणि त्यातले ड्रॅगन चांगलेच विनोदी आहेत. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो. नेसबिट १९२४मध्ये गेल्या, म्हणजे त्या गोष्टी बिनधास्त वापरा. नव्या पुस्तकाची पानं स्कॅन करून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं मात्र चालत नाही. पुस्तक विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा, आणि मुलांना समोर बसवून दाखवा.

नातवंडं परदेशात असतील तर

साताऱ्यातले आजोबा आणि टोरांटोतली नात, अशी जोडी असेल तर पुस्तक कॅमेऱ्यापुढे धरायचा खटाटोप पहिल्याच पानावर कंटाळा आणतो. हात हलतो, चित्र धूसर होतं. त्यापेक्षा एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक इथे, एक तिकडे. पान तिने उलटायचं आणि आजोबांना सांगायचं, ‘आबा, उलटलं.’ टिकल्यांची गोष्ट असेल तर कार्डं आणि टिकल्यांचं पाकीट तिकडे जाणाऱ्या कोणाबरोबर पाठवा आणि डोळे तिला लावू द्या. स्वतःच्या पडद्यावर अक्षरं उलटी दिसली तर घाबरू नका. बहुतेक ॲपमध्ये ती फक्त आपल्यालाच उलटी दिसतात, पलीकडे सरळ जातात. वेळ त्यांच्याकडच्या सकाळची धरा. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते, नात ताजीतवानी असते आणि आजोबांची दूरदर्शनवरची सातची बातमी तेवढी हुकते.

‘आजोबा, ड्रॅगन खरा असतो का?’ हा प्रश्न कधीतरी येईलच. खोटं सांगू नका आणि घाईने ‘नसतो’ म्हणून दारही लावू नका. वावेलच्या कॅथेड्रलच्या दाराशी साखळीला लटकवलेली प्रचंड हाडं आहेत. शेकडो वर्षं लोक ती ड्रॅगनची समजत होते. जाणकारांच्या मते ती मॅमथ, देवमासा, गेंडा अशा प्राण्यांची आहेत. त्यांचा फोटो दाखवा आणि विचारा, ‘तुला हे हाड शेतात सापडलं असतं तर तू कोणाचं म्हणाली असतीस?’